ऐकत्या लाकडाचा उंबरा

उत्रोलीच्या कोंडिबाच्या घराला जो उंबरा आहे, त्याच्या तोडीचा उंबरा भोर तालुक्यात नाही आणि वेल्हे तालुक्यातही नाही. राजवाड्याचे उंबरे बघून झालेत, गडांवरच्या दरवाज्यांचेही बघून झालेत. ते नुसतेच मोठे. कोंडिबाचा उंबरा दिसायला अगदी साधा. काळपट तांबूस लाकूड, मधोमध किंचित खोलगट, एका कोपऱ्यात पोपटाच्या डोळ्याएवढी गाठ. नवखा माणूस बघणारही नाही, ओलांडून सरळ आत येईल. पण कोंडिबाची बायको साळूबाई तो उंबरा रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसते, अधूनमधून तेलाचं बोट फिरवते, आणि हे करताना तोंडातून चकार शब्द काढत नाही. एरवी साळूबाईला गप्प बसलेली कुणी पाहिलेली नाही. उंबऱ्यापाशी मात्र ती तोंड सांभाळते, कारण त्या उंबऱ्याला ऐकू येतं. नुसतं ऐकू येत नाही, ऐकलेलं तो करतो.

लाकडाला ऐकू कसं येतं, असं विचारणारा माणूस वेल्ह्याच्या डोंगरात कधी गेलेला नसणार. तिकडं पावसाळ्यात धुकं इतकं दाट पडतं की जुनी माणसं ते कोयत्यानं कापतात, पेंढ्या बांधून माळ्यावर रचतात आणि मे महिन्यात उशाला घेऊन गारव्याला झोपतात. असल्या मुलखात एखाद्या जांभळाला पालवीबरोबर कानही फुटले, तर त्यात नवल ते काय! त्या जांभळावर पोपटांचा थवा राहायचा. पोपट सकाळी निघताना झाडाला "येतो, येतो" म्हणून ओरडायचे. तिकडच्या पोपटांना रीतभात आहे. आणि संध्याकाळी एखादा पोपट मागे राहिला, तर झाड आपली सावली आवरायचं नाही. सूर्य डोंगराआड गेला, गुरं घरी आली, तरी जांभळाची सावली जमिनीवर तशीच पसरलेली, चुकल्या पोपटाची वाट बघत. तो आला की मग सावली गोळा व्हायची. पुढं एका वादळात झाड आडवं झालं आणि त्याचा बुंधा वेल्ह्याच्या बंडू सुताराच्या अंगणात येऊन पडला.

त्याच वर्षी कोंडिबानं स्लॅबचं नवं घर बांधायला काढलं होतं. गवंडी म्हणाला, उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी टाकू, चकाचक दिसेल. साळूबाई म्हणाली, "दगडावरनं मानूस घसरून जातंय. मला लाकडाचा पायजे." तिचं दुखणं वेगळंच होतं. गावातली तिच्या ओळखीची निम्मी पोरं "येतो" म्हणून पुण्याकडच्या कंपन्यांत गेली होती आणि त्यांच्या आया आता मोबाईल कानाला लावून "जेवलास का" एवढंच विचारत बसल्या होत्या. साळूबाईला एकुलती एक गायत्री.

बंडू सुतार टेम्पोत घालून उंबरा घेऊन आला. बसवताना त्यानं साळूबाईला जांभळाची नि पोपटांची हकीकत सांगितली, मग म्हणाला, "वहिनी, निर्धास्त ऱ्हावा. लई ऐकनारं लाकूड हाय."

सुतार लोक कुठल्याही लाकडाला असं म्हणतात. रंध्याखाली निमूट येतं, फाटत नाही, वाकडं जात नाही, ते लाकूड ऐकणारं. त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. बंडू मात्र चहा पिऊन निघाला तो आल्या वाटेनं नाही, मागल्या दारानं, गोठ्यातून. तेव्हाच कुणी ओळखायला हवं होतं.

पहिला सापडला तो उपेंद्र. हा भोर गावातला विम्याचा माणूस, बोलायला इतका मऊ की त्याच्याशी बोलताना लोकांना उगाच आपला आवाज मोठा वाटायचा. तो कोंडिबाला एक योजना समजावून सांगायला आला, चहा प्यायला आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "बरं कोंडिबा, येतो."

"बरं, या," आतून साळूबाई म्हणाली. रीतच आहे तशी. निघणारा येतो म्हणतो, घरातला या म्हणतो. जातो म्हणत नाहीत.

आणि उपेंद्र आला. दुपारी जेवायच्या वेळी दारात हजर. "छत्री विसरलो बहुतेक," म्हणाला. छत्री त्याच्या हातात होती. साळूबाईनं ताट वाढलं. जेवला, उठला, "येतो" म्हणाला, आणि संध्याकाळी पुन्हा अंगणात. मग दुसऱ्या दिवशी. मग तिसऱ्या. बिचाऱ्याचं तोंड एवढंएवढंसं होई. पण संस्कार असे पक्के की दुसऱ्याच्या दारातून निघताना "जातो" म्हणायला जीभ वळेना. शेवटी त्याच्या बायकोला, शुभाला, संशय आला. रोज उत्रोलीला असं आहे तरी काय, म्हणून ती रिक्षा करून नवऱ्यामागं आली. साळूबाईनं तिला भाकरी आणि वाटाण्याची उसळ वाढली. शुभा खुशीत उठली आणि उंबऱ्यात म्हणाली, "फार छान वाटलं हो. येते हं!"

दुसऱ्या दिवसापासून दोन ताटं.

"योगायोग हाय," कोंडिबा म्हणाला. कोंडिबा कशावर विश्वास ठेवायचा नाही, याबद्दल आसपासच्या गावांत प्रसिद्ध होता. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि त्या दोघांच्या देखत इथं भूत, भानामती, करणी, नजर यांतलं काहीही चालायचं नाही, असं तो बजावून सांगे. गावातली तीन भुतं त्यानं एकट्यानं बॅटरी घेऊन हुडकली होती आणि तिन्ही भुतं म्हणजे वाळत घातलेले सदरे निघाले होते. अशा माणसाच्याच दारात येऊन हा उंबरा बसला, यात त्या उंबऱ्याची निवड मानली पाहिजे. चमत्कार मानणाऱ्याच्या घरी चमत्कार कुणीही करील.

"मंग ती दोघं रोज का येत्यात?" साळूबाईनं विचारलं.

"तुझ्या हाताला चव हाय."

साळूबाईनं पदर सारखा केला आणि दोन भाकऱ्या जास्तीच्या थापल्या.

शेवटी गायत्रीनंच त्या नवराबायकोला मागल्या दारानं, म्हशीच्या शेपटीखालून बाहेर काढलं, तेव्हा कुठं ते आपल्या घरी राहिले. पण तोवर उपेंद्रामुळं एक मोठं भांडण होऊन बसलं होतं. साळूबाईचा थोरला भाऊ गेनबा कामथडीहून आला होता. मटणाचा बेत होता. उपेंद्र घरी मटण खात नसे, पण इथं येऊन येऊन खायला लागला होता; आणि साळूबाईनं पाहुणा म्हणून रश्श्यातली नळी त्याच्या ताटात टाकली. गेनबा ती नळी मनातल्या मनात चोखत बसला होता. ती दुसऱ्याच्या ताटात पडलेली बघून त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला, मग तो हात न धुताच उठला.

"भावापरीस विमावाला जवळचा झाला व्हय? ऱ्हावा सुखात. हा म्या जातो!"

उंबऱ्यात उभा राहून, खणखणीत आवाजात म्हणाला. उंबऱ्यानं ऐकलं.

आठवड्यात गेनबाचा राग उतरला आणि तो बाजाराची पिशवी घेऊन पुन्हा आला. उजवा पाय उंबऱ्यापलीकडं टाकला. टाकला तर तो पडला अंगणातच, आणि तोंड रस्त्याकडं. त्यानं वळून डावा टाकला. तेच. उडी मारली, उडी घराच्या दिशेनं निघाली आणि अख्ख्या अंगणाला वळसा घालून फाटकापाशी उतरली. दोन वर्षं झाली, गेनबा येतो तो अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो, तिथंच जेवतो, आणि निघताना एकदा पाय टाकून बघतो.

"दादा, मागल्या दारानं ये की," साळूबाई सुरुवातीला म्हणाली होती.

"बहिणीच्या घरात मागल्या दारानं? म्या काय मांजर हाय?" गेनबा म्हणाला.

त्या दिवसापासून दोघं बहीणभाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते. ती ताट आणून खुर्चीपाशी आदळायची, तो मीठ कमी म्हणायचा, ती म्हणायची, "जेवलास ना? मंग जा आता."

हे सगळं असलं तरी साळूबाईला उंबऱ्याचा राग नव्हता. उलट मनातून ती त्याच्यावर खूष होती. कोंडिबा "भाटघरला जाऊन येतो" म्हणून निघाला की भाटघरला जाऊन येत असे. वाटेत कुणी कितीही पानतंबाखूला थांबवू दे. गायत्री कॉलेजला जाताना "येते आई" म्हणायची आणि यायची. अख्ख्या गावात शब्दाला एवढा जागणारा दुसरा कोण होता?

मग गायत्री वनरक्षकाच्या भरतीत उतरली.

पहाटे भाटघरच्या रस्त्यानं ती धावायचा सराव करी. अशी धावायची की तिची सावली मागं पडायची आणि चहा होईपर्यंत धापा टाकत अंगणात पोहोचायची. ती निवडली गेली. गावानं पेढे खाल्ले. शेजारचा संघपाल, कोंडिबाचा पुतण्या आणि शाळेत मास्तर, त्यानं फलकावर तिचं नाव लिहिलं. नेमणूक मिळाली चंद्रपूरकडच्या जंगलात. सोमवारी हजर व्हायचं. नाही झाली तर पुढच्या नावाला बोलावणार.

"वाघाची भीती वाटत न्हाई का गं?" बायकांनी साळूबाईला विचारलं.

वाघाचं साळूबाईच्या ध्यानातही नव्हतं. ती उंबऱ्याकडं बघत होती.

शुक्रवारी सकाळी गायत्री बॅग घेऊन निघाली. जन्माची सवय, उंबऱ्यात पाय ठेवला आणि तोंडातून गेलं, "येते आई."

झालं. भोरहून पुण्याची एसटी पकडली, खिडकीपाशी बसली आणि कामथडीच्या फाट्यावर तिचे पाय आपोआप उभे राहिले.

"ताई, तुमचं तिकीट स्वारगेटचं हाय," कंडक्टर म्हणाला.

"मला ठाऊक आहे हो. पायांना सांगा!"

पाय उतरले, हायवे ओलांडून पलीकडं गेले, भोरच्या टेम्पोत चढले. दुपारी गायत्री बॅगेसकट अंगणात उभी. गेनबा खुर्चीवर बसून बघत होता. "ये पोरी," तो म्हणाला, "आजून एक खुर्ची आनायला सांग."

साळूबाईनं तिचं ताट आधीच वाढून ठेवलं होतं. एकाही शब्दानं तिनं आनंद दाखवला नाही. पण भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच पडली, आणि ती गायत्रीनं बघितली.

"आई, तुला बरं वाटलं ना?"

साळूबाई चुलीत फुंकर घालायला वळली. चूल चांगली पेटलेली होती.

शनिवारी सकाळी घरात सभाच भरली. संघपाल आला, कोंडिबा बसला, अंगणातून गेनबानं भाग घेतला. गायत्रीनं आधी बॅग उचलून मुक्यानं ओलांडून बघितलं. उंबऱ्यानं पाऊल धरून ठेवलं, शब्द दिल्याशिवाय सोडीना. "जय भीम" म्हणून बघितलं. त्या शब्दाला उंबऱ्यानं मान दिला, पाऊल जरा सैल केलं, आणि अदबीनं पुढचा शब्द ऐकायला थांबला. "बाय" म्हणून बघितलं. उंबरा वेल्ह्याचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"पुण्याला जाऊन येते, असं म्हण," संघपालनं सुचवलं. ती म्हणाली. स्वारगेटला तिचा अंगठा जमिनीला टेकला आणि पाय तिथूनच माघारी फिरले. वाया गेला अर्धा दिवस.

"मग दिवाळीला येते, असं म्हण," संघपाल म्हणाला. "सरळ तारीखच द्यायची."

"आन दिवाळीला सायबानं सुट्टी दिली न्हाई तर?" कोंडिबा म्हणाला. "हिचे पाय तर निघनार. नोकरी जाईल. आन दिवाळीच्या आधी हितं कुनाला काय झालं, तर हिला येता येनार न्हाई. लाकूड हाय, त्याला अर्ज कुठं करायचा?"

बोलता बोलता आपण काय कबूल करून बसलो हे कोंडिबाच्या ध्यानात आलं. तो खाकरला. "म्हंजे योगायोगानं तसं झालंच, तर."

"मागल्या दारानं काढू तिला," संघपाल म्हणाला. "विमावाल्यांना काढलं तसं."

यावर गायत्री उठून उभी राहिली. "मी काही चोरून चाललेली नाही, दादा. मी नोकरीला चाललेय."

"न्हाई," कोंडिबा म्हणाला, आणि त्याचा आवाज एरवीसारखा नव्हता. "माज्या आज्यानं उभा जल्म लोकांच्या मागल्या दाराशी काढला. माजी पोर पुढल्या दारानं जाईल. न्हाईतर जानार न्हाई."

बाहेर गेनबानं खुर्चीवरची मांडी सोडून पाय खाली घेतले आणि तो ताठ बसला.

मग कोंडिबा आत गेला आणि करवत घेऊन आला. साळूबाईनं ती बघितली, आणि ती जाऊन चक्क उंबऱ्यावर बसली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आधी मला कापा."

"अगं, पोरीची नोकरी जाती!"

"त्यानं काय केलं त्यात? जे ऐकलं ते त्यानं केलं. बोललेलं करनारं ह्या घरात तेवढं एकच हाय!"

कोंडिबाला हा टोमणा लागला. गच्चीवर पाण्याची टाकी बसवतो, हे तो दोन वर्षं बोलत होता. त्यानं करवत भिंतीला टेकवली.

"मग एकच राहिलं," गायत्री म्हणाली. ती आईसमोर उकिडवी बसली. "मी 'जाते' म्हणते."

साळूबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. दोघींची नजर एकदमच अंगणातल्या खुर्चीकडं गेली. गेनबा रिकामं ताट मांडीवर घेऊन बसला होता. इतक्या जवळ, की त्याच्या घासाचा आवाज घरात ऐकू यायचा. आणि दोन वर्षांत त्यानं बहिणीचं स्वयंपाकघर बघितलं नव्हतं. गायत्री तशीच बसेल, सुट्टीला येईल तेव्हा खुर्चीवर, पावसात छत्री घेऊन. आई आतून भाकरी टाकील.

"मी अंगणात जेवीन, आई," हात बाजूला करून गायत्री म्हणाली. "पण जंगल मला बघायचंय. मी त्याच्यासाठी धावले गं."

साळूबाईनं तोच हात उंबऱ्यावर टेकला. ती उंबऱ्यावर बसून राहिली. हाताखालचं लाकूड कोमट होतं, पाखरू बसून उठलेल्या फांदीसारखं.

रविवार उजाडला. संध्याकाळची पुण्याहून सुटणारी आगगाडी चुकली की सोमवार चुकला, आणि सोमवार चुकला की सगळंच. गायत्री आंघोळ करून, खाकी कपडे अंगावर चढवून, बॅग घेऊन आतल्या बाजूला उभी राहिली. "जाते"च म्हणायचं, हे तिनं ठरवलंय, हे साळूबाईला तिच्या ओठांवरून दिसत होतं. अंगणात गाव जमलेलं. त्या गर्दीत गेनबा मात्र उठून कामथडीला निघाला होता. त्याला हे बघवणार नव्हतं.

"साळू," तो बाहेरूनच म्हणाला, "म्या निघतो. पोर माज्यासारखी खुर्चीवर बसलेली मला बघायची न्हाई." आणि पायात चप्पल सरकवत, "त्या नळीचं सोड. म्याच येडा."

दोन वर्षांनी भाऊ धड बोलला होता. साळूबाईचं मन आधीच भरून आलेलं. दारात उभी राहून, डोळ्याला पदर लावून, ती सहज बोलून गेली, "असू दे रं दादा. येत जा."

निघताना एकदा पाय टाकून बघायचा, ही गेनबाची रीत. आशा संपली होती, पण पायाला सवय होती. त्यानं उजवा पाय उंबऱ्यापलीकडं टाकला.

पाय घरात पडला.

दोन वर्षं तो ज्या नसलेल्या भिंतीला रेटत होता, ती आता खरोखरच नव्हती. त्यामुळं गेनबा साऱ्या वजनानिशी आत आला, गायत्रीच्या बॅगेला अडखळला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आडवा झाला. तिथंच पडून त्यानं सगळीकडं बघितलं. "आरं, मिक्सर नवा घेतला व्हय?"

अंगणात एकच गलका झाला. संघपाल मात्र जागचा हलला नव्हता.

"काकी," तो म्हणाला, "तुम्ही आत्ता काय म्हणालात मामांना?"

"येत जा म्हनलं. दुसरं काय म्हनू?"

"येत... जा." संघपालनं ते दोन शब्द दोन हातांवर तोलून बघितल्यासारखे उच्चारले. "येणंही त्यातच, जाणंही त्यातच. आणि केव्हा, किती वेळा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आपण सगळे जाणाऱ्यालाच बोलायला लावत होतो. हा घरातल्या माणसाचंही ऐकतो की!"

आता तुम्ही म्हणाल, इतक्या दिवसांत ह्या दारात "येत जा" कुणीच कुणाला म्हणालं नव्हतं? कुणाला म्हणणार? उपेंद्राला? तो येतच होता.

सगळ्यांचे डोळे साळूबाईकडं वळले. गायत्रीनं बॅग उचलून उंबऱ्याशी आणली. "म्हण ना, आई."

साळूबाईनं मान हलवली.

"हिला न्हाई म्हनायची म्या."

"अगं पन का?" कोंडिबा ओरडला.

"येत जा पाव्हन्याला म्हनत्यात. हिला म्हनलं की ही पाव्हनी झाली. मंग तिनं यायचं, चा घ्यायचा आन घड्याळ बघायचं. माज्या घरातली हाय ती. घरातल्याला कुनी येत जा म्हनतं का?"

अंगणातल्या बायकांनी माना खाली घातल्या. बोलणं खोटं नव्हतं. त्यातल्या कितीजणींना त्यांच्या आयांनी लग्नाच्या दिवशी हेच दोन शब्द सांगितले होते, आणि त्यानंतर माहेरी त्यांना चहा कपबशीतून मिळायला लागला होता.

"ऱ्हाऊ दे, म्या म्हनतो," कोंडिबा म्हणाला. लाकडाशी आपण बोलतोय, याची त्याला आता लाज उरली नव्हती. तो लेकीसमोर उभा राहिला. "ये..." म्हणाला, आणि तिथंच थांबला. दुसरा शब्द निघेना. उंबऱ्यानं तेवढंच ऐकलं, आणि गायत्रीचे पाय चटकन दोन पावलं घरात आले.

"आबा!"

"पानी आना," कोंडिबा पुटपुटला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

एसटीची वेळ होत आली होती. साळूबाई खाली बसली. तिनं तळवा उंबऱ्यावर ठेवला, त्या पोपटाच्या डोळ्यासारख्या गाठीवर. बंडू सुतारानं सांगितलेलं जांभळाचं तिला आठवलं. त्या झाडानं पोपट बांधून नव्हते ठेवले. सकाळी उडू दिले. सावली पसरून बसायचं काम तेवढं स्वतःकडं ठेवलं. आणि तो एवढा मोठा थवा काय पाहुण्यासारखा येत होता झाडावर?

ती उठली. गायत्रीच्या खाकी कॉलरची घडी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"बाई," ती म्हणाली, "चा तुला पेल्यातनंच मिळंल. कपबशी काढायची न्हाई म्या. कळलं का?"

"कळलं."

"सुट्टी असू दे, नसू दे. सांगून ये, न सांगता ये. मनाला येईल तवा." आवाज फाटला, पण तिनं तो धरून आणला. "येत जा गं."

"येत जाईन, आई."

उंबऱ्यानं दोघींचं ऐकलं. गायत्रीनं पाऊल टाकलं, आणि ते जसं पडलं तसं त्या अंगणात कुणाचंच पाऊल कधी पडलं नव्हतं. ना ओढलेलं, ना ढकललेलं. पुढल्या दारानं, ताठ मानेनं, खाकी कपड्यात कोंडिबाची लेक निघाली. तिची सावलीसुद्धा त्या दिवशी मागं पडली नाही, बरोबरीनं चालली. गावच्या फाट्यापर्यंत अख्खं गाव पोहोचवायला गेलं.

साळूबाई गेली नाही. ती दारात उभी राहिली. कामथडीचा फाटा येईल एवढा वेळ गेला, आणि तिनं श्वास धरला. कुणी परत आलं नाही. तिला हायसं वाटलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. आतून गेनबा ओरडला, "साळू, मटान कवा करायचं?"

"आता दोन वर्सांचं एका दिवसात खानार व्हय रं?" ती ओरडली, आणि मसाला काढायला आत गेली.

रात्री जेवायच्या वेळी गायत्रीचा फोन आला. गाडीत बसले, दौंड मागं गेलं, खिडकी मिळाली. साळूबाई बोलून बाहेर आली तर कोंडिबा अंगणातून परत येत होता. आपल्याला कुणी बघत नाहीसं वाटून तो उंबऱ्यापाशी थांबला. भूत मानत नाही, भानामती मानत नाही, असा तो माणूस कमरेत वाकला आणि अगदी हळू बोलला, "पोर लांब गेलीया. जरा ध्यान असू दे."

"दाजी," आतून नळी चोखता चोखता गेनबानं विचारलं, "कुनाशी बोलताय?"

"कुनाशी न्हाई," कोंडिबा म्हणाला. "लाकूड हाय ते."

त्या रात्री उत्रोलीत एक गोष्ट झाली, ती फक्त साळूबाईनं बघितली. चंद्र नव्हता, अंगणातला दिवा मालवलेला. तरी उंबऱ्यापासून फाटकापर्यंत एका मोठ्या झाडाची सावली पसरली होती, पान न् पान ओळखू येईल अशी. भाताची कापणी आली तेव्हा एका साध्या मंगळवारी, ना सण ना सुट्टी, गायत्री अचानक दारात उभी राहिली, बुटांना चंद्रपूरची लाल माती, आणि भांड्यांच्या फळीवरचा आपला पेला स्वतःच काढून घेऊन चुलीपाशी बसली. त्या दिवशी सावली गोळा झाली. गायत्री परत निघाली तशी पुन्हा पसरली. उन्हाळ्यात गेनबा त्या सावलीत खुर्ची टाकून झोपतो. अजून त्याला खुर्चीच बरी वाटते.